पाठीवर लिहिलेला गुण

मार्च उतरणीला लागला की संध्याकाळी आमच्या महाडवर धूर उतरतो. चारी बाजूंच्या डोंगरांवर राब भाजायला सुरुवात झालेली असते. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर फांद्या, शेण, पाचोळा पसरून लोक पेटवून देतात, आणि तो धूर हळूहळू घसरत गावात येतो. डोळ्यांना चुरचुरतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसून राहतो. बाहेरगावच्या माणसाला त्याने खोकला येतो. मला परीक्षा आठवते. सगळी नोकरी कॉलेजात गेली, त्यामुळे हा धूर, वर्गाच्या उघड्या खिडक्या, पुरवणीसाठी वर झालेले हात आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करताना मेणबत्तीवर वितळणारी लाख, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच गाठोड्यात बांधलेलं आहे.

काल शेजारची अदिती कैऱ्या द्यायला आली. कॉलेजात शिकवते, हुशार पोर आहे. म्हणाली, "काकू, आमचं नेतृत्वाचं ट्रेनिंग आहे, निवासी. आपापली बलस्थानं ओळखायची आणि त्यांच्यावरच भर द्यायचा." चेहरा उजळला होता तिचा. मी म्हटलं, "जा की." आणि घरात येऊन धाडधाड खिडक्या लावून घेतल्या. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "धूर येतोय."

बलस्थान हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं. शब्दाचा काही दोष नाही, शब्द चांगलाच आहे. पण तो कानावर पडला की मला उतेकर सरांची पाठ दिसते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्यावर टाचणीने लावलेला कागद.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा आमच्या कॉलेजची उपप्राचार्य होते. मूल्यांकन करणारी समिती वर्षभरात येणार होती आणि आमच्या प्राचार्यांची झोप उडाली होती. वाईट माणूस नव्हे हो. कॉलेजसाठी रात्रीचा दिवस करणारा, पण कुणीतरी येऊन आपल्याला नापास करणार या धास्तीने अर्धा झालेला. त्या धास्तीतच त्यांनी जिल्ह्यातल्या तीन-चार कॉलेजांना मिळून ते प्रशिक्षण ठरवलं. प्राचार्य, उपप्राचार्य, प्रबंधक, कार्यालय अधीक्षक, शाखाप्रमुख, अशी सगळी वरातच. जागा हिरकणीवाडीची. किल्ल्याच्या पायथ्याशी एका खाणावळवाल्याने नवीन खोल्या बांधल्या होत्या, तिथे एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. खिडकीतून रोपवेचा पाळणा वर-खाली जाताना दिसायचा आणि व्याख्यान कंटाळवाणं झालं की सगळ्या माना तिकडे वळायच्या.

प्रशिक्षण द्यायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने आल्या, केसांवर लाल धूळ, तरी हसत होत्या. मला आवडल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांना आपले दोष पाठ आहेत. घरी सांगितले, शाळेत सांगितले, साहेबांनी सांगितले. तुमच्यात चांगलं काय आहे, हे शेवटचं कुणी कधी सांगितलं?" दुसऱ्या कॉलेजचे एक अधीक्षक होते, निवृत्तीला आलेले, जन्मभर फायली सांभाळलेले. त्यांनी हळूच चष्मा काढून पुसला. खोटं कशाला सांगू, मीही पदर डोळ्यांना लावला.

मग तो कागदाचा खेळ झाला. प्रत्येकाच्या पाठीवर कोरा कागद लावायचा, आणि बाकीच्यांनी हिंडत हिंडत त्याचा गुण त्यावर लिहायचा. आता आमच्याकडे तोंडावर कुणी कुणाची स्तुती करत नाही. केलीच तर दृष्ट काढायची पाळी. पाठीमागे बोलतात, पण ते वेगळं. त्यामुळे पाठीवर चांगलं लिहायचं म्हटल्यावर सगळ्यांना लाजही वाटली आणि जोरही चढला. प्राचार्यांच्या पाठीमागे तर रांगच लागली. वळणदार अक्षरात "कुशल प्रशासक", "दूरदृष्टी". हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं म्हणजे किती! माझ्या पाठीवर निम्म्या लोकांनी "स्पष्टवक्तेपणा" लिहिलं. जे तोंडावर मला "कजाग" म्हणायला धजत नव्हते त्यांची बरी सोय झाली.

उतेकर सर भिंतीशी उभे होते. दत्ताराम उतेकर, इतिहासाचे प्राध्यापक, आमच्या पोलादपूरच्या शाखेचे प्रमुख. मूळचे उमरठच्या पलीकडच्या एका वाडीवरचे. बारीक अंगकाठी, तेल लावून चापून बसवलेले केस. बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. पण नक्कल करावी ती त्यांनीच. डेपोतला कंट्रोलर, मुंबईहून शिमग्याला आलेला आणि "अरे यार, इधर रेंज नाय भेटत" म्हणणारा चाकरमानी, भाषण विसरलेले पुढारी. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरधरून हसायचो. मी त्यांच्या पाठीवर लिहिलं, "नक्कल फर्मास."

बाकी सगळ्यांनी काय लिहिलं? "सहनशील." "अत्यंत सहनशील." "कधीही तक्रार नाही." "कोणत्याही कामाला नाही म्हणत नाहीत."

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मी लिहिलेल्या नकलेवर हशा झाला आणि ती तिथेच विरली. मग बाई म्हणाल्या, "बघा, इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकच गोष्ट दिसली. सोसण्याची ताकद. फार थोड्या माणसांत असते." टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी तर उठून वाजवल्या. उतेकर सर मान खाली घालून उभे होते, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांना फार आनंद झाला होता. हेच तर मला अजून सलतं.

कारण त्याच संध्याकाळी, खाणावळीच्या बाकड्यावर पिठलं-भाकरी खाताना, त्यांनी मला त्यांची अडचण सांगितली. त्यांच्या मिसेस, सुनंदाताई. आदल्या पावसाळ्यात ताप आला तो मेंदूपर्यंत गेला. जीव वाचला, पण तेव्हापासून फिट येऊ लागल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चालू ठेवा आणि बाईला एकटं ठेवू नका. आता घरात होतं कोण? मुलगी मुंबईला नर्सिंग शिकत होती. आई वाडीवर, तिच्यामागे म्हशी आणि शेत, ती येऊन-जाऊन. आणि हे सकाळची पहिली एसटी धरून पोलादपूरला जाणार ते दिवेलागणीला परत.

"मला महाडला घेतलं तर दोन तासिकांच्या मधे घरी डोकावता येईल, मॅडम. घर हाकेच्या अंतरावर आहे. परीक्षेच्या आधी जमलं तर बरं होईल."

"मग सांगा ना प्राचार्यांना! उद्याच सांगा."

"सांगतो," म्हणाले. "आज नको. आज ते खुशीत आहेत."

महाडला परतल्यावर प्राचार्यांनी एक तक्ता करून घेतला आणि केबिनच्या बाहेर लावला. प्रत्येकाचं नाव आणि समोर एक गुण. यापुढे ज्याचं जे बलस्थान, त्याला ते काम. वाचायला इतकं गोड वाटत होतं! पोलादपूर शाखेच्या क्लार्क बाईंचा गुण नीटनेटकेपणा निघाला, म्हणून समितीच्या फायली लावायला त्यांना महाडला आणलं. त्यांच्या जागी तिकडे कुणी गेलं नाही. गेलं ते त्यांचं काम, आणि ते कुणाकडे गेलं हे काय सांगायला हवं?

एक दिवस उतेकर सर बदलीचं बोलायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मी मुद्दाम व्हरांड्यात थांबले होते. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते हातात परीक्षा केंद्राच्या नेमणुकीचा कागद घेऊन. त्या वर्षीपासून पोलादपूरला विद्यापीठाचं परीक्षा केंद्र सुरू होणार होतं आणि त्याचे प्रमुखही तेच.

"अहो, मागायला काय गेला होतात आणि घेऊन काय आलात?"

"ते म्हणाले, तुमच्याशिवाय कोण पेलणार. जमेल ना?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"जमवतो म्हटलं."

कपाळावर हात मारला मी. सुनंदाताईंच्या आजाराचं काढलंच नव्हतं त्यांनी. साहेब इतक्या विश्वासाने बोलत असताना मधेच घरचं रडगाणं कसं काढायचं, म्हणाले. आमच्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. लहानपणापासून ऐकलं होतं, पण बघितलं त्या व्हरांड्यात.

मग मीच गेले भांडायला. दार ढकलून आत शिरले आणि सगळं सांगितलं, फिट येतात, घरात माणूस नाही, क्लार्क काढून घेतलात, आता केंद्रही त्यांच्याच डोक्यावर? प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले. अगदी कौतुकाने. म्हणाले, "मॅडम, हा तुमचा गुणच आहे. असंच स्पष्ट बोलत जा. पण उतेकरांनी स्वतः मला काही सांगितलं नाही. त्यांना जड जात असतं तर बोलले असते ना?"

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तक्त्यावर नाव चढल्यापासून माझ्या बोलण्याचं वजन गेलं. आधी मी ओरडले की लोक दचकायचे, काय बिनसलं म्हणून विचारायचे. आता मी ओरडले की तो माझा स्वभाव, माझं बलस्थान. ऐकायचं, मान डोलवायची आणि पुढच्या कामाला लागायचं. आणि उतेकर सर गप्प बसले की ते त्यांचं बलस्थान. बाईंनी शिकवलं ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. माणसाचा गुण बघा, म्हणाल्या होत्या. आम्ही माणूस बघायचा सोडून गुण तेवढा उचलला आणि त्यावर ओझं ठेवत गेलो.

तो मार्च फार तापला. सावित्रीचं पात्र आटून डबक्यांवर आलं होतं. डोंगर वणव्यांनी काळे. शिमग्याच्या पालख्या नाचून गेल्या होत्या तरी घाटाच्या बाजूने कुठून तरी ढोल ऐकू यायचे. एका रविवारी मी उतेकरांच्या घरी गेले. सर पोलादपूरलाच होते, रविवारी सुद्धा, बाकांवर परीक्षेचे नंबर घालायला. सुनंदाताईंनी ओल्या काजूगरांची उसळ केली होती. सासूबाई आल्या होत्या वाडीवरून, त्यांनी काजू सोलून दिलेले. ताईंच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता.

"हे कसं हो?"

"गॅसपाशीच फिट आली. समजलंच नाय मला. उठले तवा दूध सगळं उतू गेलेलं." आणि हसल्या. गोऱ्या, ठेंगण्या, कुंकू मोठं लावायच्या. "मॅडम, ह्ये आता नकला करत नायत. पयले जेवताना निसती करमणूक करायचे. आता आले की आडवे. मी म्हनते, बोला की तुमच्या सायबाला. तर म्हनतात, त्यांनी माज्यावर इश्वास टाकलाय."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "इश्वास टाकतात का बोजा टाकतात? म्हस पन लाथ मारते वो जास्ती पिळली तर."

उसळ इतकी चवदार झाली होती की मी दोनदा मागून घेतली. ओला काजू बाजारात दिसला की अजून हात पुढे होतो, पण आणत नाही.

परीक्षा सुरू झाली. सासूबाईंना राब भाजायला वाडीवर परतावं लागलं. तो वेळेत भाजला नाही तर पुढे रोप नीट उगवत नाही. शेजारच्या बाई येता-जाता डोकावतील असं ठरलं. आणि त्या दिवशी, पेपर चालू असताना, माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पोलादपूरहून उतेकर सर. नेहमीच्याच हळू आवाजात.

"मॅडम, तसदी देतो. जरा आमच्या घरी बघून याल का? शेजाऱ्यांचा फोन होता. हिला फिट आलीय आणि थांबत नाही म्हणतात."

"तुम्ही निघा सर! ताबडतोब निघा!"

"पेपर चालू आहे. केंद्र सांभाळायला दुसरं कुणी नाही. प्राचार्य मुंबईला मीटिंगला गेलेत. गठ्ठे सील झाल्याशिवाय मला केंद्र सोडता येत नाही."

मी काय ओरडले ते आठवत नाही. फोन टाकला आणि धावत सुटले. तोवर शेजाऱ्यांनी ताईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा फिट थांबली होती, पण पडताना डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं होतं. खूप वेळ तशीच पडून होती बाई. शेजारीण डोकावली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले मुंबईला हलवायला हवं, गाडी मागवलीय. मी हात धरून बसले. कुंकू घामाने पसरलं होतं. खिडकीतून तोच धूर येत होता. मधेच एकदा त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही देव जाणे.

"पेपर सुटला का हो?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "सुटला, सुटला. निघालेत सर. येतायत बघा."

सुटला नव्हता. तास बाकी होता अजून.

सर आले तेव्हा चादर डोक्यावरून ओढून झाली होती. ते दारातच उभे राहिले. बोटांना लाल लाख चिकटलेली, अंगठ्याला चटका बसून फोड आलेला. गठ्ठे सील करून, कपाटात ठेवून, कुलूप लावून आले होते. पुढे येऊन त्यांनी चादरीचा कोपरा नीट केला आणि मला म्हणाले, "तुम्हाला फार त्रास झाला, मॅडम." मला रडू कोसळलं. माझी समजूत तेच काढत होते.

दिवसकार्य झाल्यावर प्राचार्य भेटायला आले. मी होतेच तिथे. हे लपवायचं काही कारण नाही, प्राचार्य रडले. खरंच रडले. सतरंजीवर बसून सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मला माहीत असतं तर..." मी म्हटलं, "मी सांगितलं होतं तुम्हाला." त्यांनी मान हलवली, "हो, तुम्ही सांगितलं होतं." चहा आला. मुलगी मुंबईहून आलेली, तिनेच आणला. चहा संपल्यावर प्राचार्यांनी कप खाली ठेवला, जरा घुटमळले.

"सर, हे आत्ता बोलू नये. मधे पेपर नव्हते म्हणून निभावलं, पण सोमवारी शेवटचा पेपर आहे. किल्ल्या, सह्या, सगळं तुमच्या नावावर आहे. विद्यापीठाला कळवून बदलायचं तर वेळ लागेल. मुलांचं वर्ष... तुमच्याइतकं धीराचं माणूस माझ्याकडे दुसरं नाही."

"मी जाते," मी म्हटलं.

"तुम्ही जाच, मॅडम. मदतीला. पण सही त्यांचीच लागेल."

उतेकर सर सतरंजीकडे बघत होते. डोकं भादरलेलं, त्यामुळे आणखीनच लहान दिसत होते. तेवढ्यात आतल्या दारातून त्यांची आई बाहेर आली. काळी, वाळलेली म्हातारी, हाताच्या भेगांत राबाची काजळी तशीच.

"नाय येनार त्यो."

"आई, तू गप ना."

"का गप? माजी सून गेली. नाय म्हंजे नाय! तुमी दुसरा मानूस बगा, साहेब. ह्यो घरात ऱ्हानार हाय."

प्राचार्य ताडकन उठले. "बरोबर आहे, आई. तुमचं बरोबर आहे. मी काहीतरी करतो." त्यांनी हात जोडले, चपला घातल्या आणि अंगण ओलांडू लागले. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत त्या घरातून पहिल्यांदा कुणी नाही म्हटलं होतं आणि समोरच्याने ते ऐकलंही होतं.

उतेकर सर उठले. खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले. मी दारात होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"येतो सर. जमवतो."

मला त्यांचा राग आला. प्राचार्यांचा नाही, संस्थेचा नाही, उतेकर सरांचा. बायको गेली त्या माणसाचा मला संताप आला, आणि तो लपवायला मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसले. म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. विसळलेलं एकेक भांडं पालथं घालू लागली.

सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघं पोलादपूरला गेलो. सर खिडकीशी बसले होते. वाटेत डोंगराच्या उतारावर ठिकठिकाणी राब जळत होते, बायका डहाळ्यांनी आग आवरत होत्या. ते म्हणाले, "यंदा आईचा राब अर्धाच भाजून झाला." मी बरंच बोलायचं ठरवून निघाले होते, तसंच गिळून टाकलं.

घंटा झाली. मी उत्तरपत्रिका घेऊन मागे, सर प्रश्नपत्रिकांचं पाकीट घेऊन पुढे. वाड्यावस्त्यांवरची पोरं-पोरी, घामेजलेली, शेवटच्या घटकेला ओठ हलवत काहीबाही घोकणारी. सरांचं भादरलेलं डोकं दारातून आत आलं आणि ती पुटपुट थांबली. त्यांना कळलेलं होतंच. कुणी खूण केली नाही, पण पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळा वर्ग उठून उभा राहिला. पाकीट फोडून झालं, कागद मोजून झाले, तरी कुणी खाली बसेना. एक मुलगी तोंडावर ओढणी धरून रडत होती. माझ्या मनात आलं, आता तरी हा माणूस ढासळेल. ढासळो, देवा. माझ्या हातातले कागद मी खाली ठेवले, म्हटलं, पुढे होऊन धरता येईल.

सरांनी वर्गाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले, "वेळ तुमचा जातोय."